दुसरा बोअर

नखं वाढवू नकोस, हे आईचं रोजचं पालुपद. नख आहे ते बरं झालं, असं मला आयुष्यात एकदाच कुणी म्हणालं, ते मिस्त्रीकाका. १९८६ चा मे महिना, केनेडी ब्रिजच्या बाजूची एक गल्ली आणि लाकडी ठोकळ्यांवर चढवलेला फियाटचा उघडा ब्लॉक. हेड काढलेलं, पिस्टन बाहेर, चार काळी भोकं वर तोंड करून बसलेली. मी नुकतीच नववीत गेले होते. त्या वर्षी गावी जायचं राहिलं, कारण गावी जायचे पैसे गाडीच्या पोटात जायचे होते.

"बाय, नख लाव बघू हंयसर." काकांनी माझं बोट धरून सिलिंडरच्या आत, भिंतीला टेकवलं. "आता वर घे. सावकाश."

नख तेलकट भिंतीवरून वर सरकलं आणि तोंडाशी यायच्या जरा आधी अडलं. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं.

"लागला काय?"

"पायरी आहे."

"ती पायरी तुझ्या बाबाक दाखव."

बाबा बाजूला स्टुलावर बसून हिशेब करत होते. टॅक्सी दिवसा ते चालवायचे, रात्री दुसरा ड्रायव्हर. गाडी एक दिवस उभी म्हणजे दोन पाळ्यांची कमाई गेली. गेले काही महिने ती निळा धूर मारत होती. पेडर रोडच्या चढावर मागचा गाडीवाला हॉर्न मारायचा तो घाईने नव्हे, धुराने. रोज सकाळी बाबा डिपस्टिक काढून बघत, गप्पपणे ऑइल ओतत आणि डबा पुन्हा डिकीत ठेवत. गाडी ऑइल खाते हे त्यांना मान्य होतं. फुल इंजिन काम मात्र नको होतं. 'हाफ इंजिनात भागव, नुसत्या रिंगा टाक' एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणून तर काकांना माझ्या नखाची साक्ष काढावी लागली. त्यांची स्वतःची नखं केव्हाच झिजून बोटात बसली होती.

ती पायरी म्हणजे काय, हे मला नंतर आमच्या खोलीतल्या भिंतीवर कळलं. गिरगावात मुगभाटातल्या आमच्या चाळीत दिवाळीच्या रंगकामाला आजोबांची तसबीर काढली की खाली भिंतीचा मूळ रंग चौकोनात शाबूत सापडायचा. बाकी भिंत धुराने, हातांनी, वर्षांनी बदललेली. सिलिंडरचंही तेच. पिस्टनची सगळ्यात वरची रिंग जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत भिंत झिजते. तिच्या वरचा चिंचोळा पट्टा कारखान्यातून निघाला तसाच राहतो. झीज सर्वांत जास्त त्याच पट्ट्याच्या लगेच खाली. कारण वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबतो, थांबला की तेलाचा पापुद्रा तुटतो, आणि नेमक्या त्याच वेळी स्फोटाचा दाब रिंगेला मागून भिंतीवर रेटतो. उष्णताही तिथेच सर्वांत जास्त. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल तर पिस्टन सेकंदाला १०० वेळा थांबतो, त्यातल्या ५० वेळा या वरच्या टोकाला. माणूसही धावताना कमी आणि थांबताना जास्त झिजतो की काय, असा विचार तेव्हा मनात आला होता. तेरा वर्षांच्या मुलीला असले विचार सुचतात. आता ते वाक्य मी कुणासमोर म्हणणार नाही.

नव्या रिंगेची कड कोरी, काटकोनातली. झिजलेल्या भिंतीत ती थोडी फाकून बसणार आणि वर जाताना त्या पायरीवर डोकं आपटणार. पहिल्या महिन्यात नाही तर दुसऱ्यात तुटणार, आणि तिचे तुकडे भिंतीला ओरखडे काढत फिरणार. बाबांनी पायरीला स्वतःचं बोट लावलं, काही बोलले नाहीत, आणि चहा सांगितला. याचा अर्थ होकार.

फियाट म्हणायची सवय, खरं तर ती पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी १९६४ पासून फियाट म्हणून निघू लागली, आणि सत्तरच्या दशकात तिला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची वरखाली धाव ७५. हे आकडे मी पाठ केले नव्हते, गल्लीत बसून कानावर पडले ते राहिले. सनावळ्या मात्र पाठ करूनही राहिल्या नाहीत.

बोअर करायचा म्हणजे सिलिंडरची भिंत आतून कापून मोठी करायची आणि त्या मापाचा मोठा पिस्टन घालायचा. पण किती कापायचं? काका म्हणाले, आधी मोजायचं, मग पिस्टन आणायचे, मग कापायचं. बाबांना वाटत होतं की आधी कापायचं आणि त्या मापाचे पिस्टन आणायचे, शिंप्याकडे मापं दिल्यासारखं. इथे उलटं असतं. पिस्टन ठरावीक टप्प्यांतच मिळतात, पहिला बोअर, दुसरा, तिसरा. काही गाड्यांत हे टप्पे दहा-दहा थाऊचे, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने. फियाटच्या पद्धतीत मिलिमीटरच्या दशांशांत, ०.२०, ०.४०, ०.६०. टप्पे संपले की भिंतीत कापायला धातू उरत नाही, मग आत नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, ठोकायची. तो ब्लॉक पुन्हा चालतो, पण काका त्याला 'कवळी बसवलेला' म्हणायचे.

मोजताना काकांनी प्रत्येक सिलिंडरची सहा मापं घेतली. वर, मध्ये, खाली. एकदा क्रँकच्या दिशेने आणि एकदा तिला आडवं. त्यांनी खडूने ब्लॉकवर आकडे लिहिले आणि मी चाट पडले. एकाच भोकाची सहा मापं आणि एकही दुसऱ्यासारखं नाही. वर रुंद, खाली अरुंद. आडवं जास्त, उभं कमी. पिस्टन खाली येताना कनेक्टिंग रॉड तिरका होतो आणि पिस्टनला एका भिंतीवर दाबतो, म्हणून झीज त्या बाजूला अधिक. डोळ्यांना भोक चांगलं वाटोळं दिसत होतं.

चारांपैकी तीन सिलिंडर पहिल्या बोअरमध्ये सहज साफ होणारे होते. तिसऱ्या नंबरचा मात्र काठावर. एकाला जे माप लागेल तेच चौघांना, कारण वेगवेगळ्या मापांचे पिस्टन एका क्रँकवर धड नाचत नाहीत. काकांनी तिसरा पुन्हा मोजला, मग दिवा आत घालून मोजला, मग चहा पिऊन मोजला. "पयल्यातच बसात," ते म्हणाले. वाचवलेला एक बोअर म्हणजे गाडीची वाचलेली काही वर्षं. कसाई आणि मिस्त्री दोघंही कापतात. कमी कापण्यात ज्याला अभिमान, तो मिस्त्री.

पिस्टनचा सेट आणायला मी बाबांबरोबर ऑपेरा हाऊसला गेले. सुट्या भागांच्या त्या दुकानांत तेव्हा अख्खी फियाट भाग-भाग करून रचलेली असायची. चार पिस्टन, प्रत्येक वेगळ्या खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळलेला. चांदीसारखा झळझळीत आणि हातात घेतला तर अपेक्षेपेक्षा इतका हलका की पोकळ असेल असं वाटावं. अ‍ॅल्युमिनियमचा असतो म्हणून. माथ्यावर बारीक आकड्यांत त्याचं माप ठोकलेलं.

गॅरेजात आल्यावर काकांनी माझ्या हातात मायक्रोमीटर दिला. मी मोठ्या ऐटीत पिस्टनच्या माथ्याशी लावला आणि आकडा वाचला. आकडा खोक्यावरच्यापेक्षा कमी. दुकानदाराने फसवलं, असं मी जाहीर करून टाकलं. काका हसले नाहीत. त्यांनी पिस्टन उलटा केला, कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनच्या भोकाला काटकोनात, खालच्या स्कर्टवर मायक्रोमीटर टेकवला. आता आकडा बरोबर. (पिस्टनलाही स्कर्ट असतो, आणि गॅरेजात हा शब्द कुणीही न लाजता उच्चारतं, याची मला फार मौज वाटली.)

पिस्टन गोल नसतोच. मुद्दाम नसतो. माथ्याला बारीक, खाली जाड. पिनच्या दिशेने बारीक, आडवा जाड. इंजिन तापलं की माथा सर्वांत जास्त तापणार, म्हणून तिथे फुगायला जागा ठेवलेली. पिनच्या बाजूला धातू जास्त, तो जास्त पसरणार, म्हणून तिथेही. थंड असताना वेडावाकडा असलेला पिस्टन तापल्यावर गोल होतो. बनवणाऱ्याने त्याला गारठ्यासाठी नाही, कामाच्या वेळेसाठी घडवलेलं असतं. मी नको त्या जागी मोजलं होतं, एवढंच. पुढे आमची चाळ तपासायला एक इंजिनिअर आले आणि नव्याने गिलावा केलेल्या जिन्यावर हातोडी वाजवून 'ठीक आहे' म्हणून गेले, तेव्हा मला तो मायक्रोमीटर आठवला. टेकू ज्या खोलीत होते त्या खोलीत ते शिरलेच नव्हते.

ब्लॉक कापून आला तो तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. आतून आरसा. पूर्ण आरसाही नाही. होनिंगच्या दगडाने एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा काढलेल्या, तेल धरून ठेवायला. बाबा म्हणाले, आजच बांधू या. काका म्हणाले, उद्या. ब्लॉक कापताना तापतो, तापला की पसरतो, त्या वेळचं माप खोटं. मग त्यांनी एक गोष्ट केली ती मी विसरले नाही. पिस्टनची खोकी उघडली आणि चारही पिस्टन ब्लॉकशेजारी फळीवर मांडून ठेवले, रात्रभर. "एका हवेत झोपूंदेत," म्हणाले.

पुढे कॉलेजात कळलं की साऱ्या जगाची अचूक मापं २० अंश सेल्सिअसला खरी धरतात. गिरगावात एवढा गारवा पडतो तो जानेवारीतल्या एखाद्या पहाटे. मे महिन्यातल्या ३३ अंशांना ६८ मिलिमीटरचा बिडाचा सिलिंडर जवळजवळ शतांश मिलिमीटरने मोठा झालेला असतो, आणि अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन त्याच्या दुपटीने. दोघांमध्ये ठेवायची फट असते ती शतांश मिलिमीटरच्या मोजक्या पटीत, केसाच्या जाडीहूनही कमी. काकांना २० अंशांचा नियम माहीत नव्हता. दोघांना एका सावलीत ठेवावं, एवढं माहीत होतं.

सकाळी त्यांनी फट तपासली ती स्प्रिंगच्या काट्याने. शाळेत याला ताणकाटा म्हणतात. पोलादाची अर्धा इंच रुंद, कागदापेक्षा पातळ पट्टी सिलिंडरच्या भिंतीला लावायची, बिनरिंगेचा पिस्टन उलटा करून तिच्याबरोबर आत सरकवायचा, पट्टीच्या टोकाला काटा अडकवायचा आणि सरळ ओढायचं. पट्टी किती ताणाला सुटते ते बघायचं. सहज निघाली तर फट जास्त, हिसका द्यावा लागला तर कमी. काटा मी धरला होता. पट्टी भिंत आणि पिस्टन यांच्यातून सरकताना हाताला जे लागलं त्याला माझ्याकडे शब्द नाही. भिजलेल्या साडीचा पदर दाराच्या फटीतून ओढून घेताना लागतं, त्याच्या जवळपासचं काहीतरी. चार सिलिंडर, चार वेळा, काटा जवळजवळ त्याच खुणेवर. काका पट्टीकडे बघतच नव्हते, ते माझ्या मनगटाकडे बघत होते.

फट नसली तर काय, हे मी विचारलंच. तापलेला पिस्टन भिंतीला चिकटतो, इंजिन जाम. जास्त असली तर पिस्टन आत हिंदकळतो, थंड इंजिन सुरू करताना टकटक ऐकू येते आणि गाडी पुन्हा ऑइल प्यायला लागते.

पिन बसवण्यासाठी पिस्टन गरम करायचे असतात. शेजारच्या चहावाल्याकडून त्यासाठी पातेलं मागितलं तेव्हा तो आधी 'नाही' म्हणाला, मग जुनं दिलं. उकळत्या पाण्यात पिस्टन पाच-सात मिनिटं ठेवले. थंड असताना जी पिन भोकाच्या तोंडाशीही शिरत नव्हती, ती काकांनी अंगठ्याने ढकलली आणि लोण्यात गेल्यासारखी आत गेली. दोन क्षणांनी हलवून बघितली तर हलेना. धातू तापला की पसरतो हे मी पुस्तकात गोळा आणि कडी यांच्या चित्राखाली वाचून गुण मिळवले होते. विश्वास त्या दिवशी बसला.

आणि मग मी रिंग तोडली.

प्रत्येक रिंग आधी एकटी सिलिंडरमध्ये घालून तिच्या दोन टोकांमधली फट फिलरच्या पट्टीने मोजायची असते, तीही काकांनी मोजून घेतली होती. एवढ्या सिलिंडरला पाव मिलिमीटरच्या जरा वर. रिंगही तापल्यावर पसरणार. टोकांना जागा नसली तर एकमेकांवर आदळून मोडणार. मग रिंगा पिस्टनवर चढवायच्या, त्यांची टोकं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत, डालड्याच्या डब्याच्या पत्र्याचा पट्टा त्यांच्याभोवती आवळायचा आणि पिस्टन हातोडीच्या लाकडी दांड्याने टकटक करत आत घालायचा. तीन पिस्टन गेले. चौथा काकांनी मला दिला. टक, टक, टक, आणि आवाज बदलला. टक ऐवजी ठक. मी थांबायला हवं होतं. मी जोर लावला.

काका ओरडले नाहीत. पिस्टन काढला, वरच्या रिंगेचे दोन तुकडे फडक्यात ठेवले आणि म्हणाले, "आवाज तुका सांगत होतो गे."

सुटी रिंग मिळत नाही, अख्खा सेट घ्यावा लागतो. बाबांचा चेहरा बघवत नव्हता. मी एकटीच ऑपेरा हाऊसपर्यंत धावत गेले, त्या दुकानदाराला तुकडे दाखवले. त्याने काउंटरखालून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. आत सुट्या रिंगा, कागदात गुंडाळून, वर पेन्सिलीने मापं. माझ्यासारख्यांनी एक तोडली की मिस्त्री नवा सेट नेतात. त्यातल्या उरलेल्या रिंगा हा परत घेऊन ठेवायचा. आमच्या मापाची एक त्यात होती. पैसे त्याने घेतले नाहीत, तुकडे ठेवून घेतले. काकांनी ती रिंगही आधी सिलिंडरमध्ये घालून मोजली. फुकटची म्हणून सूट नाही.

गाडी बांधून झाली. बाबांनी मागच्या काचेवर 'रनिंग' अशी चिठ्ठी चिकटवली आणि पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेली नाही. चर्चगेटची घाई असलेले लोक शिव्या देत उतरायचे. पेडर रोडचं भाडं ते नाकारायचे.

त्यानंतर ती गाडी गेली, दुसरी आली. आमची शेवटची पद्मिनी १९९८ ची. तिचा पहिला बोअर झाला, मग दुसरा, माथ्यावर ०.४० लिहिलेले पिस्टन बसले. धावण्याच्या मानाने टॅक्सी कमी झिजते, हे लोकांना खरं वाटत नाही. ती दिवसभर तापलेली असते. इंजिनाला खरी झीज लागते ती गारठ्यात सुरू होताना. आमच्या मजल्यावरच्या वकिलांची रविवारपुरती निघणारी गाडी बाबांच्या टॅक्सीपेक्षा कितीतरी कमी धावून आधी बोअरला आली होती.

पण टॅक्सीचं वय मोजायला मायक्रोमीटर चालत नाही. तिला वीस वर्षांची मर्यादा आहे आणि ती नोंदणीच्या तारखेपासून धरतात. २०१८ साली आमच्या गाडीची वीस वर्षं भरली. धूर नव्हता, कॉम्प्रेशन चांगलं होतं. ताडदेव आरटीओत नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. तिचीही वीस वर्षं २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली. धुराचे जुने खटारे रस्त्यावरून काढायलाच हवेत, यावर माझं दुमत नाही. प्रत्येक इंजिन उघडून कोण बघणार? तारखेने मोजणं सोपं. सोपं आहे म्हणूनच तसं मोजतात, एवढं मान्य करावं.

कुर्ल्यात जन्मलेली गाडी कुर्ल्यातच भंगारात गेली. त्याआधी बाबांनी इंजिन उतरवून घेतलं. काका तोवर थकले होते, डोळ्यांत मोतीबिंदू. तरी खुर्ची घेऊन बसले आणि ब्लॉक मोजला. वर, मध्ये, खाली, आडवं, उभं. कुणी सांगितलं नव्हतं, पैसेही मिळायचे नव्हते. आकडे मी वाचत होते, ते ऐकत होते. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "नख लाव बघू." लावलं. वरपर्यंत सरकत गेलं, कुठेच अडलं नाही.

त्यातला एक पिस्टन आता माझ्या टेबलावर असतो, पेनं ठेवायला. बाबा गेल्यावर माळा आवरताना पितळी भांड्यांच्या मागे चार खोकी सापडली. बिल २०१६ चं, ऑपेरा हाऊसचं. ०.६० चा सेट, रिंगांसकट, तेलकट कागदही न उघडलेला. तिसऱ्या बोअरसाठी आणून ठेवलेला. कुणाच्या घरची फियाट अजून चालत असेल आणि तिला हे माप लागत असेल, तर जरूर घेऊन जावं. पैसे नकोत. फक्त ब्लॉकशेजारी एक रात्र ठेवा.